गाढवापुढे घेतलेलं नाव

त्या दुपारी आम्ही दोघं मेथी निवडत होतो. म्हणजे ती मेथी निवडत होती आणि मला लसूण सोलायला बसवलं होतं, कारण मी निवडलेल्या मेथीत काड्या राहतात असं तिचं म्हणणं. रहाटणीतला आमचा फ्लॅट, दुसरा मजला. हॉलमध्ये खाली पेपर पसरलेला, आणि समोर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवलेला नातीचा टॅब. टॅबवर टोपी घातलेलं एक गाढव. ते गाढव स्पॅनिश बोलतं. आणि माझी बायको, करमाळ्याकडची, चौथीतून शाळा सोडलेली, त्या गाढवाला उत्तरं देत होती. मधे नात बसलेली, गार्गी, पाच वर्षांची.

आम्ही मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम. संध्याकाळी तिच्या छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत... जाऊ दे. गेली.

आता पुढचं वाचायच्या आधी एक समजून घ्या. मी या असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. माझी सून हे भुताच्या गोष्टींचं पान वाचते, तिच्या फोनवर मीपण थोडं वाचलं. घाटात लिफ्ट मागणारी बाई, विहिरीवर बसलेली बाई, हायवेवर आडवी येणारी बाई. सगळ्यांना बाईच दिसते आणि ती पांढऱ्या साडीतच दिसते. गावाकडं कुणाच्या पेटीत नुसती पांढरी साडी असते का? मी आधी भोसरीत आणि मग चाकणला प्रेसशॉपमध्ये, पत्रा ठोकणाऱ्या मशीनच्या धडधडाटात, आयुष्य काढलं. कंपनीच्या मागं एक वड होता, तिथं कुणीतरी दिसतं म्हणून नाईट शिफ्टची पोरं तिकडं लघवीला जात नसत. मी त्या वडाखाली बसून डबा खायचो, वारं चांगलं लागायचं म्हणून. मला कधी कुणी दिसलं नाही. कुत्रं दिसलं. ते भाकरीसाठी यायचं.

तेव्हा मला वेडा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पण भित्रा म्हणू नका. आणि मी सहावी शिकलेला, मला लिहायची सवय नाही. हे मी फोनला बोलतोय, तो लिहितोय. शुद्धलेखन चुकलं तर त्याला धरा.

तर स्पॅनिश कशाला, ते सांगतो. माझा मुलगा महेश चाकणला एका कंपनीत आहे, गाड्यांचे पार्ट बनवतात. त्यांची मोठी कंपनी स्पेनमध्ये. जूनमध्ये त्याला तिकडं पाठवतायत, तीन वर्षांसाठी, बायको-पोरीला घेऊन. तिकडच्या शाळेत सगळं स्पॅनिशमध्येच. म्हणून सुनेनं, प्राजक्तानं, टॅबमध्ये ते अॅप टाकलं. लहान पोरांनी घरच्या घरी खेळत खेळत भाषा शिकावी म्हणून. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण शिकवायला घरात असतं कोण? महेश पहाटे कंपनीच्या बसमध्ये बसतो तो अंधार पडल्यावर घरी. प्राजक्ता वाकडला ऑफिसात. म्हणजे आलंच आमच्यावर.

त्या अॅपमध्ये मोठ्या माणसाबरोबर खेळायचा एक प्रकार आहे. मोठ्या माणसाचा फोटो लावायचा. मग गाढव एक वाक्य म्हणतं, आधी मोठ्या माणसानं म्हणायचं, मग पोरानं. बरोबर आलं की गाढव नाचतं आणि आपण बोललेलं आपल्याच आवाजात परत ऐकवतं. "मुय ब्येन" म्हणतं. म्हणजे छान. गार्गीनं फोटो लावला आजीचा. प्राजक्ता एकदा रविवारी बसली तिच्याबरोबर, तर पोरीनं टॅब ओढून घेतला. म्हणाली, "तो आजीचा नंबर आहे."

आणि म्हातारीला ते आवडायला लागलं, हे मला आधी कळलंच नाही. भाजीवाल्याला "ग्रासियास", म्हणजे थँक्यू, म्हणून आली एकदा. तो म्हणाला, मावशी, गाजर देऊ का? ती घरी येऊन इतकी हसली की तिला ठसका लागला. दूध आलं की "लेचे" म्हणायची. मी म्हणालो, या वयात हे काय खूळ? तर म्हणाली, "तुमी प्रेसवर बसून काय वेगळं केलं? एक पाय दाबायचा, एक दांडा ओढायचा. मी निदान बोलते तरी."

सगळं नीट चाललं होतं. मग आला घरच्यांचा धडा.

त्यात आईचं नाव, बापाचं नाव, भावाचं नाव असं सांगायचं असतं. आजीच्या फोटोखाली गाढव म्हणालं, "मी एस्पोसो से यामा..." आणि पुढं जागा रिकामी. म्हणजे, माझ्या नवऱ्याचं नाव अमुक अमुक. तिथं आमची गाडी अडकली.

आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. आजकालच्या पोरी घेतात, आमची सून घेते, मला त्याचं काही नाही. पण हिनं लग्नात मांडवात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. रेशनच्या दुकानात विचारलं तर शेजारणीला पुढं करायची, "अगं, तू सांग यांचं." बँकेत तर कागद त्यांच्यापुढं सरकवायची आणि माझ्या नावावर बोट ठेवायची. मग ते गाढव काय मोठं लागून गेलं?

त्या शेवटच्या दुपारीसुद्धा हेच चाललेलं. ती "मी एस्पोसो से यामा" एवढं झोकात म्हणायची आणि पदर तोंडाला लावून थांबायची. गाढव वाट बघायचं, मान हलवायचं, परत सुरू.

गार्गी वैतागली. "आजी, बोल ना. माझा नंबर येतच नाही."

"अगं, मला न्हाई जमायचं ते."

"मग आजोबा म्हण."

"आजोबा तुझे. माझे कसे?"

मी म्हणालो, "कुणाचंही नाव सांग की. त्या मशीनला काय कळतंय?"

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. "दुसऱ्याचं नाव घेऊ? बरी अक्कल आहे. मशीनला कळत नसंल, मला कळतंय."

गार्गी म्हणाली, "आजी, कानात सांग त्याला. हळू."

"सांगीन," ती म्हणाली. "घाई काय आहे? गाढवच आहे ते, उभं राहील."

बस. मग मेथी झाली, टॅब बंद झाला, मी लसणाची सालं गोळा करून टाकली. पुढचं मी सांगितलंच आहे.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. घर एवढं मोठं आहे हे मला पहिल्यांदा कळलं, आणि दोन खोल्यांचं तर घर आमचं. टॅब प्राजक्तानं कपाटावर टाकून दिला होता. गार्गी शाळेच्या व्हॅनमधून दुपारी यायची, मी तिला भात कालवून द्यायचो, मग आम्ही दोघं बसायचो. ती चित्रं काढायची. मी बघायचो. खरं सांगतो, दिवसात मला तेवढ्याच वेळाची वाट बघावीशी वाटायची. जूनमध्ये ती जाणार. म्हटलं, तोपर्यंतच्या दुपारी तरी माझ्या आहेत. मला दुसरं काही नको होतं.

एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, गाढव काढा."

मी म्हणालो, नको. तर रडायला लागली. काढून दिला टॅब. पाण्याच्या बाटलीला टेकवला, तिनं तो चालू केला, आणि तोच धडा उघडला. आजीचा फोटो. खाली तीच रिकामी जागा.

मी बंद करायला हात पुढं केला तर तिनं धरला. म्हणाली, "थांबा ना. आजीचा नंबर आहे."

"आजी नाही ना आता, बाळा."

"माहितीये. पण नंबर आहे तिचा."

आता पाच वर्षांच्या पोरीशी काय वाद घालणार? थांबलो. लख्ख दुपार होती. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता. गॅस बंद, टीव्ही बंद, पंखा तेवढा चालू. अमावस्या होती का पौर्णिमा, मी बघितलं नाही. मी तोंड उघडलं नव्हतं. गार्गीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले होते, आजीला बोलू द्यायचं म्हणून. गाढव मान हलवत उभं होतं.

आणि मग ते नाचायला लागलं.

मी गार्गीकडं बघितलं. तिचे हात तसेच तोंडावर. गाढव म्हणालं, मुय ब्येन. आणि मग अॅपनं आवाज परत ऐकवला. जो बोलला त्याचा.

"मी एस्पोसो से यामा..."

तिचा आवाज. आता कुणी म्हणेल, म्हाताऱ्याला वाटलं असेल. ऐका. तिचा पुढचा एक दात पडलेला होता. स म्हणताना त्यातून हवा जायची, शिट्टी वाजावी तशी. त्या वाक्यात स किती आहेत ते म्हणून बघा. प्रत्येक स वर हवा गेली. मी त्या हवेशेजारी झोपलो आहे आयुष्यभर. मला सांगू नका.

मग ती थांबली, नेहमी थांबायची तिथंच. आणि मग नाव आलं.

दत्तात्रय नाही. दगडू.

हे आता तुम्हाला सांगावं लागेल. माझं नाव आधारवर, पेन्शनवर, सोसायटीच्या पाटीवर दत्तात्रय आहे. सगळं पिंपरी-चिंचवड मला दत्ताभाऊ म्हणतं. पण माझ्या आईची माझ्या आधीची दोन पोरं गेली होती. मला नजर लागू नये, कुणाला मी हवासा वाटू नये म्हणून तिनं माझं नाव दगडू ठेवलं. करमाळ्याकडं असायची अशी नावं, दगडू, धोंडू. भोसरीत कामाला लागलो तेव्हा ठेकेदाराचा कारकून म्हणाला, दगडू काय नाव आहे का, दत्तात्रय लिहितो. लिहिलं. संपलं. आई गेली, गावची जमीन गेली, आम्ही परत तिकडं गेलो नाही. महेशला ते नाव माहीत नाही. मी कधी सांगितलंच नाही, लाज वाटायची म्हणा ना. ते नाव माहीत असलेलं या शहरात एकच माणूस होतं, आणि ते नाव घेत नव्हतं.

मी तसाच बसलो. गार्गीनं तोंडावरचे हात काढले, म्हणाली, "झालं आजीचं," आणि तिनं आपलं वाक्य म्हटलं, "मी पापा से यामा महेश." गाढव परत नाचलं, चांदण्या पडल्या, आणि पुढचं चित्र आलं. मी मागं गेलो, मला जमेल तसं सगळीकडं बोट लावलं. धडा पूर्ण झाला असं दाखवत होतं. आवाज परत लागला नाही.

संध्याकाळी महेश आणि प्राजक्ता घरी आल्यावर मी सांगितलं. लपवायचं कशाला? फक्त एवढंच म्हणालो की तिनं माझं नाव घेतलं. कुठलं नाव ते सांगितलं नाही.

महेशनं बूटसुद्धा काढले नव्हते. तो भिंतीला टेकून उभा राहिला आणि मला समजावायला लागला. मला. "बाबा, आई कधीतरी एकटी असताना बोलली असेल. तेव्हा नेट नसेल, अडकून राहिलं असेल. आज सिंक झालं."

"काय झालं?"

"सिंक. म्हणजे मागचं साठलेलं वर आलं."

"साठलेलं होतं तर तिच्यासमोर गाढव नाचलं का नाही?"

"अहो, तेच तर सांगतोय. नेट नव्हतं."

मी म्हणालो, "गाढवाला नाचायला नेट लागतं, आणि मला समजावायला तुला काहीच लागत नाही."

मग त्यानं दुसरं काढलं. "बाबा, तुम्ही तीस वर्षं प्रेसशॉपमध्ये काढली. तुम्हाला टीव्ही किती मोठा लागतो, खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात. तुम्हाला काय ऐकू आलं आणि काय वाटलं..."

म्हणजे माझे कान काढले. कान गेलेत, मला माहीत आहे. कंपनीनं घेतले ते. पण कान गेले म्हणून बायकोचा आवाज ओळखू येत नाही? मग तीस वर्षं ती मला जेवायला कशी बोलवत होती, कागदावर लिहून?

प्राजक्ताचे डोळे भरलेले. तिचंपण सासूवर प्रेम होतं, मी नाही म्हणत नाही. शेवटी म्हणाली, "बाबा, मला तुमच्यावर शंका नाही. पण गार्गी मगाशी मला म्हणाली, आजीनं आज आपला नंबर घेतला. एवढ्याशा पोरीच्या डोक्यात हे बसलं तर? रात्री घाबरून उठली तर?"

"ती घाबरली नाही. तिला विचार."

"आज नाही घाबरली."

"मग तुझं म्हणणं काय, मी तिला शिकवलं?"

"तसं नाही हो बाबा," ती म्हणाली. पण तसंच होतं.

दोन दिवसांनी मला कळलं की पलीकडच्या गल्लीतल्या पाळणाघरात गार्गीचं नाव घातलंय. सोमवारपासून व्हॅन तिला परस्पर तिकडंच सोडणार, संध्याकाळी प्राजक्ता घेऊन येणार. मला विश्रांती मिळावी म्हणून, असं मला सांगण्यात आलं. विश्रांती. मी रिटायर झालेला माणूस, बायको गेलेला माणूस. मला विश्रांतीशिवाय दुसरं काय आहे? होत्या त्या दुपारी, त्या पण काढून घेतल्या, आणि वर माझ्या तब्येतीच्या नावानं.

मी जेवलो नाही त्या रात्री. कुणी विचारलं नाही असं नाही, विचारलं. मी म्हणालो, भूक नाही.

सोसायटीच्या कट्ट्यावर एकदोघांना बोललो, ती आणखी चूक. एक म्हणाला, "दत्ताभाऊ, तिची काही इच्छा राहिली असेल, आळंदीला जाऊन या." दुसरा म्हणाला, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, गोळी देतो, झोप लागते. तिसऱ्यानं तर एका बाबाचा नंबरच काढला फोनमधून. मी म्हणालो, भावा, त्या बाबाला स्पॅनिश येतं का?

महेशनं मात्र एक केलं, ते सांगायला हवं. त्यानं अॅपवाल्यांना मेल टाकला, माझ्या आईचा आवाज तुमच्याकडं असेल तर द्या म्हणून. त्यांचं उत्तर आलं. आम्ही कुणाचा आवाज साठवत नाही, बरोबर-चूक बघतो आणि लगेच पुसून टाकतो. मला वाटलं, आता तरी हा मानेल. साठवतच नाहीत तर तुझं ते सिंक आलं कुठून? तर तो म्हणाला, "बघा ना बाबा. म्हणजे आवाज आलाच नसणार."

हे असं. आवाज साठला असं धरलं तरी मी चूक, साठला नाही असं धरलं तरी मी चूक. कंपनीत साहेबसुद्धा असं करायचे, पण ते निदान परके होते.

रविवारी संध्याकाळी प्राजक्ता टॅब घेऊन बसली. जून जवळ येत होता, पोरीचं स्पॅनिश थांबून चालणार नव्हतं. मला वाटलं, गार्गी परत टॅब ओढणार. पण ती म्हणाली, "आता तू बस मम्मी. आजीचा नंबर झाला." मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होतो. महेश सोफ्यावर, फोनमध्ये.

गाढवानं आजोबांचं नाव विचारलं.

"मी आबुएलो से यामा दगडू," गार्गी म्हणाली.

प्राजक्ता हसली. "कोण दगडू? आजोबांचं नाव दत्तात्रय आहे, बाळा."

"ते पाटीवरचं नाव. आजी दगडू म्हणाली."

महेशनं फोन खाली ठेवला. "दगडू कोण?"

मी गार्गीकडंच बघत राहिलो.

"बाबा, दगडू कोण?"

मग मी सांगितलं. आईची गेलेली दोन पोरं, नजर, भोसरीतला कारकून, सगळं. प्राजक्तानं टॅब मांडीवर उलटा ठेवला होता. सांगून झालं तरी गाढव खालच्या बाजूनं परत परत विचारत होतं.

महेश म्हणाला, "हे तुम्हीच तिला सांगितलं असणार."

"मी तुला सांगितलं नाही. तुझ्या पोरीला कशाला सांगू?"

"आईनं सांगितलं असेल. आधी."

"तुझी आई माझं नाव घेत नव्हती. हे नाही, ते नाही, कुठलंच नाही. तुझ्यासमोर कधी घेतलं?"

त्यानं आठवून बघितलं. मला दिसत होतं तो आठवतोय ते. मग त्यानं प्राजक्ताकडून टॅब घेतला, मागं जाऊन जुना धडा काढला, जिथं त्याच्या आईचा फोटो होता, आणि तो टॅब हातात धरून बसला. गाढव म्हणालं, मी एस्पोसो से यामा. महेश थांबला. गाढवानं मान हलवली, परत म्हणालं. महेश परत थांबला. मी त्याला सांगणार होतो की लागत नाही ते आता, मी लई वेळा करून बघितलंय. पण सांगितलं नाही. कंपनीत पन्नास माणसं सांभाळणारा माझा पोरगा त्या गाढवापुढं बसला होता, आणि कितीतरी वेळ बसला. काही आलं नाही.

शेवटी म्हणाला, "कसा होता आवाज? आजारी वाटत होता?"

"नाही," मी म्हणालो. "हसू दाबल्यासारखा होता."

तो उठून गॅलरीत गेला. प्राजक्ता त्याच्या मागं गेली नाही, मीही नाही गेलो.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. अॅपवाल्यांना येत नाही, महेशला येत नाही. मी भुताखेतावर आजही विश्वास ठेवत नाही, आणि जे ऐकलं ते ऐकलं. या दोन गोष्टी एका डोक्यात बसत नाहीत, पण माझ्या डोक्यात बसल्यात, आता काय करू? तुमच्यापैकी कुणाला उलगडा करता आला तर जरूर करा. फक्त सिंक हा शब्द वापरू नका.

पाळणाघराचा विषय त्या रात्री कुणी काढला नाही. सकाळी उठलो तर दारापाशी गार्गीची जादा कपड्यांची पिशवी भरून ठेवलेली होती, वर नॅपकिन घडी करून. महेश पहाटेच गेलेला. प्राजक्ता गार्गीला व्हॅनमध्ये बसवून ऑफिसला गेली, पिशवी घाईत तिथंच राहिली. मी चहा घेतला, ती पिशवी आत नेऊन रिकामी केली, कपडे कपाटात लावले आणि चपला घालून पाळणाघरात गेलो.

तिथल्या बाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाल्या, "या आजोबा, बघून घ्या जागा."

मी म्हणालो, "जागा बघायला नाही आलो. गार्गी येणार नाही. दुपारी मी घरी असतो."

"पण तिच्या मम्मींनी तर..."

"त्यांना मी सांगतो."

व्हॅनवाल्यालाही फोन केला, नेहमीसारखं घरीच सोड म्हणून. मग घरी आलो आणि प्राजक्ताला ऑफिसात फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदा. तिला वाटलं मला काही झालं. मी म्हणालो, मला काही झालेलं नाही, मी पाळणाघर बंद करून आलोय, तुला ओरडायचं असेल तर आत्ताच ओरड, संध्याकाळी पोरीसमोर नको.

तिच्या ऑफिसातली माणसं बोलताना ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "बाबा, रोज नुसता भात नका देऊ तिला. चपाती करा. आणि जाड करू नका, जाड असली की ती खात नाही."

मी फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली.